हृदयाची धडधड : उपचार पुण्यात, सुरुवात आणि शेवट तालुक्यात

एप्रिलमधली दुपार. नारायणगावच्या बाजूला कांदा काढणीची घाई चालली होती. आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातून मजुरीला आलेली एक बाई, वय बेचाळीस, डोक्यावरची पाटी टाकून बांधावरच बसली. छाती धडधडत होती, डोळ्यांपुढे अंधारी येत होती. शेतमालकाने तिला मोटारसायकलवर मध्ये बसवले, मागे तिच्या जावेला बसवले आणि थेट आमच्या सरकारी रुग्णालयात आणले. परिचारिकेने केसपेपरची वाट न पाहता ईसीजी काढला. ठोके मिनिटाला १९६!

बाई म्हणाली, "सायेब, नऊ वर्सं झाली ह्याला. पर दवाखान्यात पोचेस्तवर गप व्हतंय, मग समदे म्हणत्यात तुला काय बी झालं न्हाई."

या एका वाक्यात तिची नऊ वर्षे होती. या काळात तिचे चार-पाच ईसीजी निघाले, सगळे 'नॉर्मल'. कोणी ताकदीच्या गोळ्या दिल्या, कोणी झोपेच्या. कोणी 'टेन्शन घेऊ नका' म्हणून सांगितले. घरच्यांनी देवऋषी केला, दोरा बांधला. यात मी इतर कोणाला नावे ठेवणार नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात अशाच एका तरुणीला मीही 'मनाचे आहे' म्हणून परत पाठवले होते. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी तिचा ईसीजी नेमका धडधड चालू असताना काढला, तेव्हा माझी चूक मला कळली.

त्या दिवशी मात्र कागद हाती होता. त्यामुळे पुढचा मार्ग मोकळा झाला. बाईला पुण्याला पाठवले, तिथे तिचे 'ॲब्लेशन' झाले, आणि तेही घरातला एक रुपया न घालता. आज याविषयी लिहायचे कारण म्हणजे गेल्या दोन-तीन वर्षांत सरकारी आरोग्य योजनांत झालेले बदल. ते बदल चांगले आहेत. पण ॲब्लेशनसारख्या उपचारात ते मधल्या टप्प्यालाच पुरतात, दोन्ही टोके उघडीच राहतात.

योजनेत काय बदलले?

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत पूर्वी कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपयांचे संरक्षण होते. १ जुलै २०२४ पासून ते ५ लाख झाले, उपचारांची यादी १३५६ पर्यंत वाढली आणि पिवळ्या-केशरीबरोबर पांढऱ्या रेशनकार्डावरची कुटुंबेही योजनेत आली. केंद्राची आयुष्मान भारत योजना तिच्याशी जोडलेली आहे. हृदयाच्या लयीची तपासणी, म्हणजे 'ईपी स्टडी', आणि रेडिओलहरींनी केलेले ॲब्लेशन हे आयुष्मान भारतच्या उपचार-यादीत आहेत. त्याआधी, १५ ऑगस्ट २०२३ पासून, सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार निःशुल्क झाले. म्हणजे जुन्नर, नारायणगाव, घोडेगावची ग्रामीण रुग्णालये असोत की मंचरचे उपजिल्हा रुग्णालय, ईसीजीला पैसे लागत नाहीत.

कागदावर पाहिले तर गावापासून कॅथलॅबपर्यंतचा सगळा खर्च भागलेला दिसतो. मग अडते कुठे? ते समजण्यासाठी आधी हा आजार आणि हा उपचार समजून घ्यावा लागेल.

पाटाचे पाणी पुन्हा पाटात

हृदय चालते ते विजेच्या बारीकशा इशाऱ्यावर. वरच्या उजव्या कप्प्यात हा इशारा उठतो, मधल्या एका 'दारा'पाशी क्षणभर थांबतो आणि मग खालच्या कप्प्यांत पसरतो. आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे सांगताना मी कुकडीच्या कालव्याचे उदाहरण देतो. पाणी कालव्यातून चारीत, चारीतून शेतात जायला हवे. पण चारीचे पाणी एखाद्या चोरवाटेने पुन्हा मागे, कालव्यात येऊन पडले तर? तेच पाणी गोल गोल फिरत राहील. हृदयातही काही जणांना जन्मतः अशी एक जादा वाट असते. एरवी ती गप्प असते. एखाद्या अवेळी आलेल्या ठोक्याने तिच्यातून प्रवाह फिरू लागला की ठोके एकदम १५० ते २२०च्या घरात जातात, आणि कधी तितक्याच अचानक थांबतात. याला 'एसव्हीटी' म्हणतात. तरुण आणि मध्यम वयात तो जास्त दिसतो. त्याचा सर्वांत नेहमीचा प्रकार बायकांमध्ये अधिक आढळतो, आणि 'टेन्शन'चे लेबलही त्यांनाच लवकर लागते.

ॲब्लेशन म्हणजे ती चोरवाट बुजवणे. जांघेतल्या शिरेतून बारीक तारा हृदयात नेतात. आतून विजेचा नकाशा घेतात आणि मुद्दाम धडधड सुरू करून पाहतात. रुग्ण बहुधा जागा असतो. आमची बाई त्या क्षणी टेबलावरून ओरडली होती, "ह्येच, ह्येच त्ये!" वाट सापडली की तारेच्या टोकाने काही मिलिमीटर जागा रेडिओलहरींच्या उष्णतेने निकामी करतात. छाती उघडत नाहीत, टाका घालावा लागला तर एखादाच, तोही जांघेत.

हे इतके सोपे झाले त्याला पन्नास-साठ वर्षे लागली. १९६८ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या रुग्णालयात एका मच्छीमाराची छाती उघडून अशी जादा वाट पहिल्यांदा यशस्वीपणे कापली गेली. १९८०च्या दशकात तारेने हे काम सुरू झाले. आधी विजेचा झटका देत, नंतर रेडिओलहरी आल्या. १९९८ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दो शहरातल्या डॉक्टरांनी दाखवले की 'एट्रियल फिब्रिलेशन' हा वेगळा आणि जास्त हट्टी आजार बहुतेकदा फुप्फुसातून येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी सुरू होतो. तिथून त्याच्याही ॲब्लेशनचा रस्ता उघडला.

दोन आजार, दोन हिशेब

इथेच लोकांचा मोठा गोंधळ होतो. 'ॲब्लेशन' हा शब्द एकच, पण एसव्हीटीचे ॲब्लेशन आणि एट्रियल फिब्रिलेशनचे, म्हणजे एएफचे ॲब्लेशन यांचा हिशेब निराळा आहे.

एसव्हीटीच्या नेहमीच्या प्रकारात १०० पैकी ९५हून अधिक रुग्ण एकाच वेळी बरे होतात. पुन्हा त्रास होणारे पाचेक. वाट बुजवताना मधल्या 'दारा'लाच इजा होऊन पेसमेकर लागण्याची शक्यता १०० मध्ये एकाहून कमी. आयुष्यभराच्या गोळ्यांपासून सुटका करणारे असे उपचार वैद्यकशास्त्रात फार नाहीत.

एएफमध्ये वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात. नाडी लागते ती बेताल. रक्त साचून गुठळी होते आणि ती मेंदूत गेली की पक्षाघात. एएफमुळे हा धोका सुमारे पाचपट होतो. अधूनमधून येणाऱ्या एएफमध्ये एका ॲब्लेशननंतर वर्षभर लय टिकते ती दहापैकी साधारण सहा-सात जणांची. कायम जडलेल्या एएफमध्ये त्याहून कमी. काहींना दुसऱ्यांदा टेबलावर जावे लागते. उपचारही मोठा: बहुधा भूल देऊन, हृदयाच्या मधल्या पडद्यातून पलीकडे जाऊन. हृदयाभोवती रक्त साचण्याची गुंतागुंत शेकडा एकाच्या आसपास असते. शिवाय लय सुधारली तरी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुटतीलच असे नाही. ते रुग्णाचे वय, रक्तदाब, मधुमेह आणि आधीचा पक्षाघात यांवर ठरते.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. सांधेतापाने लहानपणी हृदयाची झडप खराब झालेले रुग्ण आपल्याकडे अजून येतात. त्यांचा एएफ ॲब्लेशनने सुटत नाही, आधी झडप पाहावी लागते. गोळीही वेगळी. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इन्व्हिक्टस' या मोठ्या अभ्यासात अशा रुग्णांमध्ये नव्या गोळीपेक्षा जुनी, 'आयएनआर' तपासून द्यावी लागणारी गोळीच सरस ठरली. तेव्हा शेजाऱ्याचे ॲब्लेशन झाले म्हणून आपलेही व्हावे, असा हट्ट धरू नये.

पहिले टोक : धडधड कागदावर येणे

आता मूळ प्रश्नाकडे. ॲब्लेशनच्या साखळीतली पहिली कडी कॅथलॅबमध्ये नसते, ती धडधड चालू असतानाच्या ईसीजीत असते. तो एक कागद मिळाला की निदान बहुतेक पक्के होते, आणि योजनेच्या मंजुरीलाही आधार मिळतो. पण ही धडधड कधी पाच मिनिटे टिकते, कधी अर्धा तास. आदिवासी पाड्यावरून घोडेगावला यायला जीप मिळेपर्यंत ती थांबलेली असते. रुग्णालयात वेळेत पोचलाच, तर केसपेपरच्या रांगेत थांबते.

खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आकाशातले अतिक्षीण रेडिओसंदेश रात्रंदिवस टिपत असतात. त्यांच्या छायेतल्या शेतात राबणाऱ्या बाईच्या छातीतला इशारा मात्र नऊ वर्षे कोणाच्या कागदावर उमटला नाही. यंत्र नव्हते म्हणून नव्हे, तर वेळेवर लावले गेले नाही म्हणून.

यासाठी नवी इमारत नको, नवा निधीही नको. धडधडीची तक्रार घेऊन आलेल्या माणसाचा ईसीजी दहा मिनिटांत, केसपेपरच्या आधी, एवढा एक नियम पुरे. ठोके थांबवण्याचे इंजेक्शन देताना ईसीजीची पट्टी चालूच ठेवायची, कारण धडधड कशी थांबली यातही निदान दडलेले असते. आणि ईसीजीची प्रत रुग्णाच्या हातात द्यायची, मोबाइलमध्ये तारखेसह फोटो काढून द्यायचा. तो कागद आमच्या फायलीत राहिला तर पुण्याच्या डॉक्टरांना त्याचा काही उपयोग नाही.

रुग्णालाही घरी करता येईल असा एक उपाय आहे. बसून १० मिलिच्या सिरिंजच्या तोंडात दट्ट्या हलेल इतक्या जोराने १५ सेकंद फुंकायचे, लगेच आडवे व्हायचे आणि दुसऱ्याने पाय १५ सेकंद वर धरायचे. २०१५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या ब्रिटिश अभ्यासात या पद्धतीने १०० पैकी ४३ जणांची एसव्हीटी थांबली, नुसत्या फुंकण्याने १७ जणांची. आमच्या बाईची थांबली नाही, तिला इंजेक्शनच द्यावे लागले. पण निदान झालेल्या प्रत्येक घरी हे माहीत असावे. मात्र चक्कर येऊन शुद्ध हरपत असेल, छातीत दुखत असेल किंवा दम लागत असेल तर फुंकत बसू नये, १०८ला फोन करावा.

दुसरे टोक : घरी आल्यावर

बाईचे ॲब्लेशन जूनमध्ये झाले. चार-सहा तास पाय न हलवता उताणे झोपणे, दुसऱ्या दिवशी डिस्चार्ज. हातात इंग्रजीतला कागद, तोंडी सूचना 'आठवडाभर आराम'. चाकणच्या वाहतुकीतून घरी पोचायला दिवस गेला.

शहरातल्या माणसाला 'आराम' म्हणजे काय ते कळते. डोंगरातल्या बाईला ते शब्द फोडून सांगावे लागतात. डोक्यावर हंडा नाही, सरपणाची मोळी नाही, आठवडाभर उकिडवे बसून काम नाही, मोटारसायकलवर टांग टाकून बसणे काही दिवस नाही, शौचाला जमल्यास खुर्ची घ्यायची. जांघेत काळेनिळे पडले तर घाबरायचे नाही, ते उतरते. पण गाठ वाढू लागली किंवा रक्त आले तर आडवे होऊन तळव्याने दाबून धरायचे आणि मदत बोलवायची. पुढचे काही आठवडे एखादा ठोका चुकल्यासारखा वाटेल, त्याचा अर्थ आजार परतला असा नाही. सलग, जोराची धडधड आली तर मात्र लगेच ईसीजी काढायचा.

त्या आठवड्यात भाताच्या आवणीची तयारी सुरू झाली होती. बाईने चौथ्या दिवशी चिखलात पाय घातला. जांघेत रक्त साकळून गाठ आली, तिला पुन्हा आणावे लागले. सुदैवाने दाबून आणि आरामाने भागले. दोष तिचा नव्हता. ५ लाखांच्या संरक्षणात आठ दिवसांची बुडालेली मजुरी कुठेच धरलेली नाही.

एएफच्या रुग्णांचे दुसरे टोक तर जास्त लांब आहे. ॲब्लेशननंतर किमान दोन महिने रक्त पातळ करणारी गोळी चुकवून चालत नाही. आयुष्मान भारतच्या पॅकेजमध्ये डिस्चार्जनंतरचे १५ दिवस धरलेले आहेत. सोळाव्या दिवशी गोळी संपली की माणूस विचार करतो, 'आता तर बरे वाटतेय'. गुठळीचा धोका नेमका याच काळात असतो. ज्यांना जुनी गोळी आहे त्यांना आयएनआर तपासायला वारंवार लांब जावे लागले, तर दोन-तीन खेपांनंतर तपासणी सुटते.

पहिल्या दोन-तीन महिन्यांत एएफ मधूनच डोके वर काढतो. हृदयाच्या आतली सूज ओसरेपर्यंत हे होऊ शकते, आणि तेवढ्यावरून उपचार फसला असे ठरवत नाहीत. हे आधी सांगितले नाही तर रुग्ण खचतो, गोळ्या सोडतो, डॉक्टर बदलतो.

आणि एक गोष्ट माझ्या तालुक्यातल्या डॉक्टर मित्रांसाठी. एएफच्या ॲब्लेशनमध्ये हृदयामागच्या अन्ननलिकेला इजा होऊन दोघांत छिद्र पडू शकते. हे फार विरळा घडते, पण घडले तर जिवावर बेतते. ते लगेच दिसत नाही, बहुधा दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात, कधी दोन महिन्यांपर्यंत दिसते. सुरुवात होते तापाने. तोवर पावसाळा असला तर आपल्याकडे तापाचे पहिले निदान काय होईल? टायफॉइड किंवा डेंगी. म्हणून एएफचे ॲब्लेशन होऊन दोन महिने व्हायच्या आत ताप, गिळताना दुखणे, छातीत दुखणे किंवा हातापायातली शक्ती जाणे यांपैकी काहीही दिसले, तर रुग्णाला ॲब्लेशन झालेल्या केंद्राकडे त्याच दिवशी पाठवा. तपासणी छातीच्या सीटी स्कॅनची. एंडोस्कोपी करू नका, तिच्यातली हवा छिद्रातून हृदयात आणि तिथून मेंदूत जाऊ शकते. विजेच्या अतिसूक्ष्म स्पंदनांनी ॲब्लेशन करण्याच्या नव्या पद्धतीला अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये पहिली मान्यता मिळाली. तिच्यात अन्ननलिकेचा हा धोका बराच कमी दिसतो. पण जुन्या पद्धतीने उपचार झालेले रुग्ण आपल्या ओपीडीत येत राहणार आहेत.

रुग्णाच्या हातातही बरेच काही आहे. ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासांत एएफच्या ज्या स्थूल रुग्णांनी वजन १० टक्क्यांहून अधिक उतरवून टिकवले, त्यांची लय टिकण्याची शक्यता कित्येक पट वाढली. नियमित पिणाऱ्यांनी दारू सोडली तर एएफ परतण्याचे प्रमाण घटले. रक्तदाब, थायरॉइड आणि झोपेत श्वास अडकवणारे घोरणे यांकडे पाहिले नाही, तर तारेने केलेले काम वाया जाते.

काय करता येईल?

माझ्या मते चार गोष्टी तालुक्यातच करता येण्यासारख्या आहेत. ईसीजीचा दहा मिनिटांचा नियम आणि कागद रुग्णाच्या हाती. डिस्चार्जबरोबर मराठीत एक पानाचे कार्ड: कोणते ॲब्लेशन झाले, कोणती गोळी किती तारखेपर्यंत, कोणत्या लक्षणाला कुठे जायचे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आणि आयएनआरची तपासणी तालुक्याच्या रुग्णालयात नियमित, म्हणजे १५ दिवसांनंतरची पोकळी भरून निघेल. आणि आशाताईंना या रुग्णांची यादी, जशी बाळंतिणीची असते तशी.

रुग्णांनी एवढे करावे. धडधडीची तारीख, वेळ, किती मिनिटे आणि कशाने थांबली हे वहीत लिहावे. रेशनकार्ड आणि आधार कार्ड यांच्यातली नावे जुळतात ना, ते आजारपणाआधीच पाहून ठेवावे, ऐनवेळी मंजुरी तिथेच अडते. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात ॲब्लेशनची सोय नसते, म्हणून निघण्यापूर्वी १५५३८८ या क्रमांकावर विचारावे, आणि पोचल्यावर थेट आरोग्यमित्राला भेटावे.

ती बाई परवा दिवाळीनंतर भेटायला आली होती. जूनपासून एकदाही धडधड नाही. पिशवीतून तिने प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले रेशनकार्ड काढले, आणि त्याच्याच घडीत ठेवलेला एप्रिलचा तो ईसीजी. अक्षरे पुसट झाली होती, या कागदावरची शाई उन्हात उडते. मी तिला त्याची झेरॉक्स काढून दिली. जाताना तिने विचारले, "सायेब, माझ्या भाचीला बी आसंच व्हतंय. तिला कवा आणू?"

मी सांगितले, "धडधड चालू असेल तेव्हा. रात्र असली तरी."